भंगाराच्या काट्यावर न चढलेलं इंजिन

मित्रांनो, मला जुना म्हणायला माझी हरकत नाही. भंगार म्हणाल, तर मात्र गाठ माझ्याशी आहे. मी नागपूरच्या छोट्या लाईनवर, म्हणजे अरुंद रुळांवर, धावलेलं डिझेल इंजिन. आपल्याकडे अगदी सुरुवातीला जी डिझेल इंजिनं आली, त्यांतला मी एक. तेव्हा सगळीकडे कोळशाच्या इंजिनांचं राज्य होतं आणि डिझेलवर रेल्वे चालते हे सांगितलं तर लोक हसायचे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आम्ही मोजकेच भाऊ होतो. एकाच बोटीतून मुंबईला उतरलो आणि तिथून देशभर पांगलो. माझ्या वाट्याला नागपूर आलं, तेही ऐन मे महिन्यात. इथलं ऊन लागलं तेव्हा क्षणभर वाटलं, आपल्याला पुन्हा भट्टीत घातलं की काय. पण मी काही कच्च्या लोखंडाचा नव्हतो. महिनाभरात उन्हाची सवय झाली.

माणसांना माझी सवय व्हायला मात्र फार वेळ लागला. कोळशावरचे जुने ड्रायव्हर माझ्याभोवती फेरी मारत आणि नाक मुरडत. याच्यात आग दिसत नाही, वाफ दिसत नाही, मग याचा जीव आहे तरी कुठं, असं म्हणत. त्यांनी मला नावच ठेवलं होतं, पेटी. मी आतून गुरगुरायचो, पण कामात खोट काढायला कुणाला जागा ठेवली नाही.

बऱ्याच वर्षांनी रुपराव माझ्याकडे आला. त्याआधी तो कोळशाच्या इंजिनावर फावडं मारायचा. घरी जायचा तेव्हा डोळे तेवढे पांढरे दिसायचे. त्याची बायको वच्छला पारशिवनीजवळच्या शेतकरी घरातली, तोंडाने फटकळ. नवऱ्याचे शर्ट घासून घासून तिचे हात सोलवटले होते. रुपराव माझ्यावर आला आणि आठवडाभर शर्टाची कॉलर पांढरीच राहिली, तेव्हा ती डबा द्यायच्या निमित्ताने मुद्दाम मला बघायला आली.

"हे इंजिन मले पटलं," ती म्हणाली. "अर्धं धुनं वाचवलं यानं माहं."

मित्रांनो, पुढे साहेब लोकांनी माझं कौतुक केलं, माझ्यासमोर उभं राहून फोटो काढले. पण या नागपुरात माझ्याबद्दल पहिला चांगला शब्द बोलली ती वच्छला. ते मी विसरलेलो नाही.

मग आमचे दिवस आले. इतवारीच्या बाजारातून भांड्यांच्या पाट्या, कापडाचे गठ्ठे, लग्नाच्या खरेदीला आलेली अख्खी बिऱ्हाडं घेऊन मी गावोगाव जायचो. येताना सीताफळांच्या टोपल्या, कोंबड्या आणि मामाच्या गावाहून परतणारी रडकी पोरं. वाटेत एखादी बाई शेतातून हात दाखवत धावत आली, की रुपराव वेग कमी करायचा आणि मीही जरा खाकरून थांबल्यासारखं करायचो. एकदा चढावर कोळशाचं एक इंजिन दमून उभं राहिलं, तर मी त्याची गाडी ओढलीच, वर त्यालाही ओढत आणलं. त्या दिवसापासून मला पेटी म्हणणारे गप्प बसले. मी बढाई मारत नाही. झालं ते सांगतो.

वर्षं गेली. आमचे सुटे भाग यायचे बंद झाले. मग शेडमध्ये एक रीत पडली. एका भावाचा भाग काढायचा आणि दुसऱ्याला बसवायचा. दूरच्या शेडमधला एक भाऊ असाच रिकामा होत गेला, नंतर दुसरा. त्यांचे पंप, त्यांच्या झडपा माझ्याकडे आल्या. मी चालत राहिलो, कारण ते थांबले. याचं मला वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो.

पुढे माझ्याहून दांडगी इंजिनं आली. मला यार्डाच्या टोकाला कडुलिंबाखाली उभं केलं. कोळशाच्या एका इंजिनाला मात्र रंगरंगोटी करून रेल्वेच्या संग्रहालयात नेलं. त्या म्हातारीला बघून लोक हळहळतात, आजोबांच्या आठवणी काढतात. मला बघून कुणी हळहळत नव्हतं. मी हळहळण्याइतका जुना नव्हतो आणि कामाला लावण्याइतका नवा नव्हतो. अशा मधल्यांचे हाल कुत्रं खात नाही.

रुपराव तोवर निवृत्त होऊन नंदनवन वस्तीत राहायला गेला होता. पण दर खंडेनवमीला तो यायचा. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. तो मला झेंडूचा हार घालायचा, नवं तेल पाजायचा आणि लांब पहार लावून माझा आतला दांडा हाताने फिरवायचा, म्हणजे सांधे धरू नयेत. यार्डातली पोरं म्हणायची, बुढ्याचं डोकं फिरलं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पावसाळ्यात माझ्या धुराड्यातून पाणी आत जाऊ नये म्हणून त्याने घरून जर्मनचं एक जुनं भगोनं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, आणलं आणि धुराड्यावर पालथं घालून तारेने करकचून बांधलं. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या नळीवर डबा घालतात ना, तसं. ते भगोनं वच्छलाचं होतं. तिला विचारलं नव्हतं, त्यामुळे घरात दोन दिवस बोलाचाली बंद होती, असं तोच मला सांगत होता.

आणि मग माझा लिलाव झाला.

मला घेतलं इतवारीतल्या सुशीलने. भंगाराचा तिसऱ्या पिढीचा व्यापारी. त्याने लबाडी केली नव्हती, रीतसर बोली लावून मला घेतलं होतं. त्याची माणसं लोखंड कापायच्या गॅसच्या टाक्या घेऊन आली. त्याच सकाळी रेल्वेच्या संग्रहालयात काम करणारी कामिनी नावाची इंजिनिअर पोरगी धावत आली, मागून रुपराव. तिने मला वाचवायला आधीच अर्ज केला होता, पण वरच्यांनी सांगितलं होतं की डिझेलला कोण जुनं म्हणतं, एक इंजिन ठेवलं तेवढं पुरे.

"सुशीलभाऊ, याचे सगळे भाऊ कापले गेले," कामिनी म्हणाली. "मी देशभर विचारून पायलं. हा एकटाच उरला आहे."

"मॅडम, एकटा असो का दहा असो," सुशील म्हणाला, "मी लोखंड घेतलं आहे. लोखंड कापाले आलो."

कापण्याआधी माझ्या पोटातलं तेल काढायचं होतं. सुशीलच्या माणसाने खालचा बोल्ट सैल केला आणि खाली डबा धरला. इतकी वर्षं उघड्यावर उभ्या इंजिनातून आधी पाणी निघतं, मग गाळ. माझ्यातून निघालं ते नुसतं तेल. माणसाने सेठकडे बघितलं. सुशील वाकला, दोन बोटांत तेल घासून बघितलं, गंजाचा कणही लागला नाही.

त्याच्या घरात एक रीत होती. चालू वस्तू भंगाराच्या काट्यावर चढवायची नाही. त्याच्या आजोबांनी घातलेली ही शिस्त. त्याच्या गोदामात एक खोली नुसत्या टिकटिकणाऱ्या घड्याळांनी आणि चालत्या शिलाई मशिनींनी भरलेली होती. कुणी घेत नव्हतं, पण तोडतही कुणी नव्हतं.

"चालते काय हे?" त्याने रुपरावला विचारलं.

"काहून नाही चालणार?" रुपराव म्हणाला. "मी दरसाल फिरवून राहिलो त्याले."

"मंग रविवारपर्यंत चालू करून दाखवा. चालू झालं तर मी हात लावत नाही. नाही झालं, तर सोमवारी मी कापतो, आन् मंग तुम्ही मले काही म्हणाचं नाही."

मित्रांनो, माझं मरण माझ्याच हातात आलं होतं. मी घाबरलो का? खोटं बोलणार नाही, रात्री जरा घाबरलो. पण दिवसा नाही.

कामिनीने माझे फिल्टर बदलले, एकेक नळी धुतली, पोटात नवं तेल ओतलं, टाकीत ताजं डिझेल भरलं. माझ्या बॅटऱ्या केव्हाच चोरीला गेल्या होत्या. रविवारी इतवारीतले टेम्पोवाले आपल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून घेऊन आले आणि त्या एकीला एक जोडल्या. माझ्यासाठी त्या दिवशी अर्ध्या बाजाराचे टेम्पो गल्लीत मुके उभे होते. सुशील खुर्ची टाकून बसला होता.

रुपराव वर चढला. बटण दाबलं. मी फिरलो, पोटात डिझेल एकदा पेटलं, दोनदा पेटलं, आणि माझा श्वास कोंडला. मी फुसफुसून बंद पडलो. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बॅटऱ्या उतरायला लागल्या. कामिनी नळ्या तपासू लागली, रुपराव घाम पुसू लागला. टेम्पोवाले सल्ले देऊ लागले, आणि सल्ले कधी कमी पडत नाहीत. मला कळत होतं काय झालं आहे. मी जीव तोडून सांगत होतो. पण बंद इंजिनाचं कोण ऐकतं?

सुशील खुर्चीवरून उठला. "रुपरावजी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही कोशिश केली. मले वाईट वाटते."

इतक्यात वच्छला चहाची किटली घेऊन आली. तिने वर बघितलं, आणि कमरेवर हात ठेवला.

"अवो, माहं भगोनं काढलं नाही काय अजून?"

सगळ्यांनी वर बघितलं. ज्या भगोन्याने मला इतकी वर्षं पाण्यापासून वाचवलं, तेच धुराड्याला तारेने बांधलेलं होतं आणि माझा धूर आतल्या आत कोंडत होता. रुपरावने स्वतः बांधलेलं, स्वतःच विसरलेलं.

"हे पाय वं," तो एवढंच म्हणाला आणि हसायला लागला. मग सगळेच हसले, सुशीलही. एक टेम्पोवाला पक्कड घेऊन वर चढला आणि तार तोडली.

बॅटऱ्यांत एकाच खेपेची ताकद उरली होती. रुपरावने बटणावर अंगठा ठेवला. मी माझ्या त्या दोन भावांची आठवण काढली, ज्यांचे पंप माझ्या पोटात आहेत, आणि त्यांना म्हणालो, चला रे. आधी पांढरा धूर आला, मग काळा, मग कडुलिंबावरचे सगळे पक्षी उडाले, आणि मी बोलू लागलो. कुणाला काही ऐकू येईना, इतका मी बोललो.

सुशील बराच वेळ उभा राहून ऐकत होता. मग त्याने आपल्या माणसाला गॅसच्या टाक्या गाडीत ठेवायला सांगितल्या.

"माह्या काट्यावर नाही येत हे," तो कामिनीला म्हणाला. "घेऊन जा. याच्या वजनाएवढे मोडके रूळ मले द्या, म्हणजे हिशोब मिटला."

रूळ द्यायला वरच्यांची परवानगी लागली आणि ती यायला उन्हाळा गेला, पण आली. आता मी संग्रहालयाच्या छपराखाली त्या कोळशाच्या इंजिनाशेजारी उभा आहे. येणारी मुलं आधी तिच्याकडेच धावतात. ती आहेच देखणी. मला राग येत नाही, कारण महिन्यातून एका रविवारी कामिनी मला चालू करते, आणि मग ती मुलं कानावर हात ठेवून माझ्याकडे येतात.

रुपरावला हल्ली नीट ऐकू येत नाही. तो येतो, माझ्या अंगावर तळहात ठेवतो आणि तसाच उभा राहतो. परवा एका मुलीने त्याला विचारलं, काय करता आजोबा? "आयकून राहिलो," तो म्हणाला. तिनेही हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या आसपासही मधल्या वयाची यंत्रं उभी असतील. त्यांना नुसता रंग देऊन ठेवू नका. तेल घाला, फिरवा, चालवा. कोळशाचं इंजिन गार पडलं तरी बघायला सुंदर असतं. मी बंद पडलो, की खरोखरच पेटी होतो. माझे भाऊ दिसायला कसे होते ते तुम्हाला फोटोत सापडेल. ते बोलायचे कसे, हे आता फक्त माझ्या तोंडून ऐकता येतं. म्हणून एवढंच मागतो, मला बोलतं ठेवा.