घोट्यावरचे वळ

मी एक जुनी उड्यांची दोरी आहे. मित्रांनो, वस्तूंना राग येत नाही असे तुम्हाला कोणी शिकवले असेल, तर ते विसरून जा. मला येतो. नऊ वर्षे मी तो गिळून बसले होते. पुढे तो कसा काढला, ते ऐका.

दोर वळणाऱ्या एका बाईने सुताचे तीन पेड घट्ट पिळून मला वळले. लाकूड कातणाऱ्या एका म्हाताऱ्याने माझ्या दोन मुठी घडवल्या आणि त्यांना लाल रंग दिला. मग एका शाळेतल्या व्यायामाच्या बाईंनी मला विकत घेतले. त्या शाळेत एक काटकुळी मुलगी होती. तिला सगळे टोळ म्हणत. ती उड्या मारताना पावलांचा आवाजसुद्धा होत नसे. एका वर्षी स्पर्धेत तिने न चुकता तीनशे बारा उड्या मारल्या. बाईंनी मला तिच्या गळ्यात घातले आणि म्हणाल्या, "ही आता तुझीच."

टोळ मोठी झाली, तिचे लग्न झाले. कपड्यांच्या घड्यांत बसून मीही तिच्या घरी आले. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, अशी तिची नोकरी होती. नवरा बस चालवायचा. दोघेही बसून बसून दमायचे. मुलगी झाली, तसे दुपटी वाळत घालायला जागा पुरेना. तेव्हा नवऱ्याने मला कपाटातून काढले, स्वयंपाकघराच्या बाल्कनीत दोन खिळे ठोकले आणि मला आवळून बांधले. टोळ शेजारीच उभी होती. ती एवढेच म्हणाली, "जरा ताणून बांध. चादरीने लोंबेल नाहीतर."

मित्रांनो, तीनशे बारा उड्या आणि शेवटी चादरी! त्याच दिवशी मी ठरवले, या दोघांना सोडायचे नाही.

बाल्कनीतून मला स्वयंपाकघर सगळे दिसत असे. लेकीच्या ताटात टोळ भाजी वाढायची आणि डोळे वटारून म्हणायची, "संपव. अंगात ताकद कुठून येणार?" मग फ्रिजचे दार उघडून त्याच्या आड स्वतः तळलेल्या चकत्यांचे पाकीट फस्त करायची. फ्रिजच्या दाराने तोंड झाकते, आवाज झाकत नाही. कुरकुर लेकीला स्पष्ट ऐकू यायची. संध्याकाळी नवरा सोफ्यावर आडवा व्हायचा आणि फोनमधून मान वर न काढता सांगायचा, "जा गं, खाली जाऊन पळून ये जरा." लेक त्याच्याच पायाशी बसायची आणि त्याच्याच फोनमध्ये डोकवायची. मी ओल्या चादरीखाली मनातल्या मनात हसायचे. भोगा आता, म्हणायचे.

लेक नऊ वर्षांची झाली. तिसऱ्या मजल्यावर घर, पण वर येईपर्यंत तिला दोनदा पायरीवर टेकावे लागे. एकदा तिला डॉक्टरीणबाईंना दाखवून टोळ घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "आजार काहीच नाही म्हणाल्या. दम नाही नुसता. आणि मला विचारलं, तुम्ही काय खाता, किती चालता?"

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? पर्समध्ये काहीतरी शोधत बसले."

लेक तिथेच होती. टोळ तिला म्हणाली, "तुझ्या वयाची असताना मी तीनशे उड्या मारायचे."

"थापा," लेक म्हणाली. ती चिडून बोलली नाही, हसलीही नाही. खरंच तिला ते खरे वाटले नव्हते.

टोळ उठली. ओले कपडे तिने खुर्चीवर टाकले, खिळ्यांवरच्या गाठी दातांनी सोडवल्या आणि मला घेऊन गच्चीवर गेली. लेक मागून धापा टाकत आली. मी वाटच बघत होते. दहा उड्या मी सुखाने होऊ दिल्या. अकराव्या उडीला तिचे पाऊल जड झाले आणि मी सपकन तिच्या घोट्यावर बसले. असा वळ उठला की मला नऊ वर्षांच्या चादरी हलक्या वाटल्या.

टोळ खाली बसली. लेकीने विचारले, "लागलं?"

"लागलं. बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिने दात आवळले. "उद्या बघते हिला."

आमचे वैर उघड झाले. रोज सकाळी ती गच्चीवर यायची. रोज मी तिला फटके द्यायचे, आणि रोज ती दोनचार उड्या जास्त मारायची. लेक मोजायला बसायची. घरात पाकिटे येणे बंद झाले. गाजर, काकडी, उकडलेले अंडे असे आता तिघांच्याही ताटात सारखेच असायचे. नवऱ्याने एक पाकीट बुटांच्या कपाटात लपवले होते, ते लेकीनेच शोधून काढले. तो म्हणाला, "ते माझं औषध आहे." लेक म्हणाली, "मग ते घेऊनही तुला दम का लागतो?"

एकदा लेक एकटीच मला घेऊन गच्चीवर आली. टोळची मुलगी ही, हिला तरी का सोडू? दुसऱ्याच उडीला मी तिच्या नडगीवर बसले. तिने ओठ चावला, डोळे पुसले आणि परत उभी राहिली. मी परत मारले. ती परत उभी राहिली. सहा वेळा. सातव्यांदा मला मारवेना. मला लाज वाटली, पहिल्यांदाच. त्या संध्याकाळी मायलेकी पाय पुढे पसरून आपापले वळ ताडून बघत होत्या आणि कोणाचा मोठा यावरून भांडत होत्या.

आता लेक गप्पा मारत तिसरा मजला चढते. परवा नवराही गच्चीवर आला. त्याच्या चार उड्या झाल्या आणि पाचवीला मी त्याला आडवा केला. लेक म्हणाली, "बाबा, रोज एक वाढवायची." तो गुडघा चोळत म्हणाला, "उद्यापासून." ती म्हणाली, "उद्या सहावी. पाचवी आज राहिली आहे." तो उठला.

मी त्या दोघांना माफ केलेले नाही. पण आता माझ्या अंगावर चादरी नसतात, घाम असतो, आणि तो मला आवडतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादी दोरी, एखादा चेंडू, एखादी सायकल धूळ खात असेल. ती वस्तू पुसा आणि आधी आईबाबांच्या हातात द्या. ते म्हणतील, आमचं वय झालं, तूच खेळ. ऐकू नका. त्यांना मैदानात उतरू द्या, चुकू द्या, दमू द्या. वळ उठला तर फुंकर घाला आणि मोजायला बसा.