मनोरा नसलेली इमारत

मी विद्यापीठाची जुनी मुख्य इमारत बोलतेय. जुनी म्हणजे या आवारातली सगळ्यात पहिली. माझ्या आधी इथे दुशान्बे शहराच्या वेशीवरची जर्दाळूची बाग होती आणि तिला पाणी देणारा एक पाट होता. पाट अजून आहे. माझी दक्षिणेकडची बाजू मात्र परवा पाडली. तिकडच्या वर्गांतले काळे फळे आता उघड्यावर लटकताहेत आणि येणारे-जाणारे मान वर करून ते वाचतात.

माझा पाया खणला एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात. मुख्य वास्तुकाराने मला कागदावर फार नटवलं होतं. पुढे आठ खांब, कमानींवर कापसाच्या बोंडांची नक्षी आणि मधोमध एक उंच मनोरा, टोकाला तारा. त्याच्या हाताखाली सफरमो नावाची चोवीस वर्षांची मुलगी नकाशे काढायची. डोंगरातली पोर. शिकून वास्तुकार झालेली तिच्या गावातली पहिलीच.

त्याच जुलैत भूकंप झाला. डोंगराचा कडाच सुटून तिच्या गावावर आला. आई, बाप, दोन भाऊ, घर, गोठा, काही म्हणता काही उरलं नाही. सफरमो जाऊन आली आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. रडताना तिला कोणी पाहिलं नाही. फक्त मुख्य वास्तुकारासमोर उभी राहून म्हणाली, "छताखालून चारी भिंतींना कवळणारा लोखंडी सळयांचा, काँक्रीटचा पट्टा हवा. नाहीतर ही इमारत हलली की भिंती सुट्या होऊन पडतील."

"लोखंड आलंय ते मनोऱ्यापुरतं," तो म्हणाला. "मनोरा लांबून दिसतो. तुझा पट्टा कोणाला दिसणार?"

"न दिसलेलाच बरा, साहेब."

"तू दमली आहेस. जा, चहा घे."

पुढच्या वर्षी भिंती छतापर्यंत आल्या आणि साहेब तीन आठवडे समुद्रावर हवा खायला गेले. सफरमो गवंड्यांच्या मुकादमाकडे आली. त्याचं नाव याकोब, पण सगळे त्याला अका, म्हणजे दादा, म्हणायचे. व्होल्गाकाठचा जर्मन. लढाईत त्याच्या सगळ्या जमातीलाच गाड्यांत कोंबून इकडे हाकलून दिलेलं. दर महिन्याला चौकीवर जाऊन सही करायची, परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं त्याचं जिणं.

"याकोब अका, मनोऱ्याच्या सळया मला हव्यात."

"पोरी, तुला तुरुंगात जायची हौस आलीय का?"

"तुम्ही भिंती बांधल्यात. तुम्हीच सांगा, हलल्या तर टिकतील?"

याकोबने माझ्या विटांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "नाही टिकणार."

एकोणीस दिवसांत पट्टा ओतून झाला. वरून विटांचा थर चढला, प्लास्टर झालं. साहेब परतले तेव्हा मी वरून बंद झाले होते आणि मनोऱ्यासाठी एक सळई शिल्लक नव्हती.

चौकशी बसली. सरकारी लोखंडाची अफरातफर, कामात घातपात. याकोबला बोलावणं गेलं. त्याने काय सांगितलं ते मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. तेव्हा मी एवढंच पाहिलं की, दोन माणसं आली आणि सफरमो हातातली मोजपट्टी टेबलावर सरळ ठेवून त्यांच्याबरोबर निघून गेली. आठ वर्षांची शिक्षा झाली. माझं उद्घाटन मनोऱ्याशिवायच झालं. त्या जागी पत्र्याची टोपी बसवली. विद्यार्थी मला 'बोडकी' म्हणायचे.

मोठा हुकूमशहा मेला तशी शिक्षेत सूट मिळाली. छप्पनमध्ये सफरमो परत आली. एकतिशीतच दात गेलेले, पाय अधू. वास्तुकाराचं काम तिला कोण देणार? तळघरात सगळ्या आवाराचे नकाशे ठेवायची खोली होती, तिथे तिला कारकून म्हणून घेतलं. याकोब तोवर विद्यापीठाचा कायमचा गवंडी झाला होता.

तेहतीस वर्षं ती तळघरात आणि तो जिन्या-गच्चीवर. वसतिगृह झालं, जाळीच्या भिंतींचं ग्रंथालय झालं, प्रयोगशाळेचे ठोकळे उभे राहिले. प्रत्येकाचे नकाशे ती क्रमाने लावत गेली. रोज सकाळी दारात दोघांची गाठ पडे. तो टोपी काढायचा, ती मान हलवायची. त्यापलीकडे एक शब्द नाही.

एकोणनव्वदच्या जानेवारीत जमीन हलली. वसतिगृहाचे कोपरे उकलले. माझं फक्त जिन्यातलं प्लास्टर पडलं. धूळ खाली बसायच्या आत म्हातारा याकोब धापा टाकत तळघरात उतरला.

"पट्ट्याने धरलं," तो म्हणाला.

"धरणारच होता."

तो दारातच उभा राहिला. "सफरमो, तेव्हा त्यांना मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. जबाबाखाली तुमची सही दाखवली होती मला."

"तीन पोरं होती माझी. पुन्हा गाडीत कोंबतो म्हणाले."

"आणि मला एकही झालं नाही," सफरमो म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. "दोन्ही खरं आहे, अका. जा आता. जिन्यात पोरं घसरतील, ते पडलेलं प्लास्टर उचला."

दोन वर्षांनी याकोब मुलांबरोबर कायमचा जर्मनीला गेला. जायच्या दिवशी तळघराच्या दारावर त्याने टकटक केली. ती आत होती. दार उघडलं नाही. तो गेल्यावर कितीतरी वेळाने तिने कडी काढली आणि रिकाम्या बोळाकडे बघत उभी राहिली.

मग यादवी पेटली. ब्याण्णवच्या हिवाळ्यात दक्षिणेकडची जळालेली गावं सोडून माणसं आली आणि माझ्या बोळांतून गोधड्या अंथरून राहिली. वीज नाही, खिडक्यांना काचा नाहीत. बाकं जळून संपली, दारं संपली. गुलचेहरा नावाची एक बाळंतीण होती, सहा दिवसांचं मूल घेऊन. मूल निळं पडायला लागलं तेव्हा सफरमो कंबरेची किल्ली काढून उठली आणि नकाशांची भेंडोळी काखेत मारून वर आली. जुने नकाशे मेणकापडावरचे, ते चांगले जळतात.

"खाला, हे महत्त्वाचं नाही ना काही?" गुलचेहराने विचारलं.

"महत्त्वाचं आहे. म्हणून तर बेताने घाल, एकदम संपवू नकोस."

अकरा दिवस पिंपातल्या शेकोटीत कागदावरचं आवार जळत होतं. आधी प्रयोगशाळा, मग ग्रंथालय, मग मी. ज्या कागदावर पट्टा काढला होता तो तिने शेवटपर्यंत मागे ठेवला. बाराव्या दिवशी सकाळी तोही पिंपात टाकला आणि हात शेकले. मूल जगलं. सफरमो मार्चमध्ये पावाच्या रांगेत थकून खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

यंदा काचेची नवी इमारत ठरली. दिलोवर नावाचा तरुण इंजिनियर मला तपासायला आला. पोरगा प्रामाणिक होता. पाच दिवस माझे नकाशे शोधत कचेऱ्या हिंडला, भिंतींवर ठोकून बघितलं. शेवटी त्याने लिहिलं, "नकाशे उपलब्ध नाहीत. भूकंपासाठी मजबुती केलेली नसावी. वापरास धोकादायक." त्याचं चुकलं असं मी तरी कसं म्हणू? आणि कागद जळायला नको होते, असंही माझ्याने म्हणवत नाही.

मला वाचवा, असं मागणं नाही. पाडायला आलेल्या माणसांनो, तुम्हाला मात्र एक सांगायचंय. तुम्ही दुपारी उत्तरेच्या भिंतीलगत रोटी, कांदा घेऊन बसता. सावली चांगली आहे, कबूल. पण माझा पट्टा तुम्ही दक्षिणेला तोडलात. इतकी वर्षं ज्याने धरून ठेवलं, तेच आता वरचं सगळं ओझं या उत्तरेच्या भिंतीवर लोटतंय. काल तुमच्यातला एक जण भिंतीला पाठ टेकून झोपला होता आणि मी दगडासारखी ताठ उभी राहिले, तो उठेपर्यंत.

रोज जमेल असं नाही. उद्यापासून जेवायला पाटापलीकडे बसा. ऊन लागेल, लागू दे. आता माझा भरवसा धरू नका.