रॅम्पखालचा खुंटा

मी समितीत कसा आलो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस गप्प बसतो म्हणजे तो विचार करत असतो, असा लोकांचा समज असतो. त्याचा हा परिणाम असावा.

कलामेळा माळावर घ्यायचं ठरलं, तेव्हा समितीत निम्मी माणसं गावातली आणि निम्मी माळावरची होती. गाव वसण्याच्या कितीतरी आधीपासून माळ त्यांचा. त्यांच्या वतीनं थोरल्या बाई बोलत. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, "नाचा, गा, चित्रं टांगा. पण माळात काही ठोकायचं नाही, खणायचं नाही. खाली आमची माणसं पुरलेली आहेत."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मान डोलवायला काय लागतं?" बाई म्हणाल्या.

मांडववाल्यानं खुंट्यांऐवजी पाण्यानं भरलेल्या ड्रमांना दोर बांधले. दिवसभर त्याची कुरकुर चालू होती. थोरल्या बाई रोज सकाळी यायच्या आणि सतरंज्यांचे कोपरे उचलून बघायच्या. कोणी काही विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही, बघतेय."

शेवटच्या दिवशी माझ्या ताईचा बाहुल्यांचा खेळ होता. ताई चाकाच्या खुर्चीत असते. मेळा सगळ्यांचा म्हणून रंगमंचाला लाकडी रॅम्प केला होता. गेल्या वर्षी दुसऱ्या गावात असाच रॅम्प घसरला, ताई पडली, खांदा मोडला. तेव्हापासून तिनं खेळ केला नव्हता. यंदा हो म्हणाली, हेच नवल.

खेळाच्या सकाळी मी रॅम्पपाशी कागदाचे कपटे वेचत होतो. पायाला सतरंजीखाली काहीतरी टोचलं. उचलून पाहिलं तर लोखंडी खुंटा, डोक्यापर्यंत ठोकलेला, रॅम्पच्या पायाला अगदी चिकटून.

मी सतरंजी पटकन खाली सोडली. मांडववाल्याचं काम हे. ड्रम उचलून कंटाळला असणार. मला माणसांची पारख फारशी नाही, पण इथे पारख कशाला हवी होती?

"हे तुमचं काम ना?" मी त्याला गाठून विचारलं. आवाज हवा तितका कडक निघाला नाही.

"ठोकला मीच," तो म्हणाला. "पण काका, ठोकायला कोणी लावलं ते घरी विचारा."

घर म्हणजे ताई. ती रंगमंचामागे बाहुलीच्या हाताला दोरा बांधत होती.

"ग्रंथोबा, असं बघू नकोस. मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "मला परत पडायचं नाहीये."

"अगं, पण शब्द दिला होता!"

"तू दिलास. खांदा माझा मोडला होता."

अशा बोलण्यावरचं उत्तर मला नेहमी दोन दिवसांनी सुचतं.

तेवढ्यात थोरल्या बाई येताना दिसल्या. मी धावत जाऊन त्या सतरंजीवर उभा राहिलो. का, ते मलाही माहीत नाही.

"जरा बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

"मी इथे ठीक आहे."

"तुम्ही कधीच कुठे ठीक नसता. व्हा बाजूला."

मी बाजूला झालो. "इथे ठोकलंय," मी म्हणालो.

"मी ठोकायला लावलं," ताई मागून ओरडली. "त्याला बोलू नका. त्याला खिळासुद्धा ठोकता येत नाही."

बाईंनी सतरंजी पूर्ण बाजूला सारली. मग म्हणाल्या, "काढा."

मांडववाल्यानं तो हलवून हलवून उपटला. बाईंनी भोकात मूठभर माती सारली आणि पायानं दाबली.

"आता मी काही वर जात नाही," ताई म्हणाली. "खालीच बसते. मागच्यांना बाहुल्या दिसणार नाहीत, नाही तर नाही."

"ड्रम ठेवा की रॅम्पच्या पायावर, वजनाला," बाई म्हणाल्या.

"खुर्चीची वाट अडते," मांडववाला म्हणाला. "कडेला वीतभरच फळी उरते. तिच्यावर माणूस बसेल, ड्रम नाही."

बाई त्या वीतभर फळीवर बसल्या. "तुम्ही त्या बाजूला," त्यांनी मला फर्मावलं.

"तुम्ही कशाला? आमच्यातलं कोणीतरी—"

"तुमच्यातल्या कोणावर सोडून गेले, तर परत खुंटा दिसेल. आणि पुढच्या वर्षाचं मी काही बोललेले नाही, हे लक्षात ठेवा."

संध्याकाळी आम्ही दोघं तसेच दोन कडांना बसलो आणि मांडववाल्यानं खुर्ची ढकलत वर नेली. आमच्यामधून जाताना ताई माझ्या कानाशी वाकली. "ही मध्येच उठली तर?"

"ऐकू येतंय मला," थोरल्या बाई म्हणाल्या.

फळी करकरली, पण जागची हलली नाही. ताई वर पोचली. खेळ सुरू झाला, लोक हसायला लागले. आता ताई खाली येईपर्यंत आम्हाला बसून राहायचं कारण नव्हतं. पण बाई उठल्या नाहीत, म्हणून मीही उठलो नाही. खेळ मला फारसा दिसला नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि त्या माझ्याकडे.