खिशात राहिलेला आरसा

मी आरसा बोलतोय. पण केस विंचरायचा नव्हे. रुपयाएवढं माझं तोंड, त्याला वीतभर दांडी.

घाटावर विमानदलाची एक शेड आहे. लढाऊ विमानाचं इंजिन ठरलेले तास उडालं की तिथं येतं. मग ते उकलायचं, झिजलेली पाती काढायची, जास्त आच सोसणारी नवी बसवायची आणि पुन्हा आभाळात धाडायचं. जिथं माणसाची मान वळत नाही, तिथं मला आत घालतात. मी दाखवायचं, कापडे गावच्या सुनीलनं बघायचं. वीस वर्षं आमचं हेच.

तिथं फळीवर हरेक हत्याराची जागा रंगवलेली. मला उचललं की त्या जागी सुनीलनं आपला पितळी बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी मोजणी. एक हत्यार कमी भरलं तर इंजिन मिटायचं नाही. आत राहिलेला स्क्रूसुद्धा पाती फोडतो, मग वर उडणाऱ्याचं काय?

त्या दुपारी गावाहून फोन आला. आये गेली. सुनील ‘बरं’ म्हणाला, मला खिशात सारलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. खांदा दिला, अग्नी दिला. रडला नाही. कुणी चहा पुढे केला की प्यायचा. फोन बंद पडला तो बंदच.

तिसऱ्या दिवशी धाकटी बहीण नीला त्याचे कपडे धुवायला बसली. मी दगडावर टणकन वाजलो.

‘काकी, ह्यो बघ गो, दादाचा आरसा!’

आवडीकाकीनं मला उलटसुलट केलं. ‘दाढीचा म्हनावा तर अर्धी मिशी मावायची नाय ह्यात.’

सुनील मला बघून ओट्यावर बसलाच. ‘इंजिनाचा हाय तो. तिकडं शोधत असतील.’

‘मंग टाक सावित्रीच्या पान्यात आनि गप ऱ्हा. नोकरी घालवतोस काय?’

‘काय बोलतेस, काकी!’ नीला म्हणाली. ‘आयेनं एका विळ्यापायी पेंढ्याची आख्खी उडवी उकलली होती. बैलाच्या तोंडात जाईल म्हनून. आनि विळा गावला कुठं? ह्याच्याच कमरेला!’

काकी हसली. ‘मंग बदडला असंल.’

‘नाय. उकलली ते बरं झालं, म्हनाली.’

सुनीलनं फोन चालू केला. ‘साहेब, आरसा माझ्याकडं आहे.’

‘तीन दिवस इंजिन उकलून बसलोय आम्ही, सुनील! चौकशी होईपर्यंत इंजिन पास करायची तुझी सही बंद.’

‘हो साहेब. उकललंत ते बरं झालं.’

घरात खुंट्यांवर आयेचे विळे ओळीनं होते. सुनील त्यांच्याकडे बघत होता. मोजत होता की नुसताच बघत होता, कळलं नाही.

आज तेरावं उरकून आम्ही महाडच्या स्टँडवर बसलोय. मघाशी त्यानं मला तोंडापुढं धरलं. माझ्यात मावला एकच डोळा, कोरडा. किती वेळ बघत होता.

शेडमधल्या माणसांनो, माझ्या जागी त्याचा बिल्ला अजून लटकतोय. मला तिथं लावा, बिल्ला त्याच्या हाती द्या. सही द्याल तेव्हा द्या. पण संध्याकाळी मोजायला उभे राहाल तेव्हा त्यालाही ओळीत घ्या. घरी त्याला मोजणारं आता कुणी नाही.