वारं अकरा ते चार

वाऱ्याचं मला कुणी सांगू नका. ह्या हातांनी तीस वर्षं ज्वारी उपणलीय. तिवईवर उभं ऱ्हायचं, पाटी डोक्याच्या वर धरायची, वारं आलं की दाणा खाली आन् भूस बाजूला. लग्नानंतरचं पहिलंच साल, घरी सासऱ्याचे पाव्हणे बसलेले, चुलीवर आधण, आन् वारं सुटलं. मी तशीच खळ्यावर पळाले. सासू मागून वरडली, "पाव्हण्यांना च्या कोण देणार गं?" म्या म्हणलं, "पाव्हणे थांबतेल, वारं न्हाई थांबायचं."

मी सरस्वतीबाई. आमी नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात जायचो. आमचा प्रविण एक पायरी वर चढला, त्यो फळं तोडायला पोर्तुगालला गेला. तिथं अटलांटिक समुद्राच्या कडंला वाळूवर काईटसर्फिंगची शाळा हाय. म्हणजे पायाखाली फळी, कंबरंला दोऱ्या, दोऱ्यांना खोलीएवढा पतंग, आन् वारं माणसाला पाण्यावरून वढत न्हेतं. फळं सोडून ह्यो तिथं लागला. आधी पतंगात हवा भरायला, मग शिकवायला. रोज सकाळी फळ्यावर लिहायचा, वारं किती, कुणीकडून, कवा उठंल, कवा पडंल. आन् मला फोनवर तेच वाचून दाखवायचा. "आई, आज उत्तरेचं हाय, किनाऱ्याला घासून चाललंय, एकदम झ्याक." मी म्हणायची, "मग ज्वारी काढ की भायेर." लई हसायचा.

औंदा उन्हाळ्यात सुट्टीवर आला आन् घाटनांदूरजवळच्या आमच्या तलावावर काठी रोवून, तिला फडकं बांधून चार दिवस बसला. गावानं येड्यात काढलं. चवथ्या दिवशी म्हणला, "आई, हितं वारं अकराला उठतं, चारला पडतं. लाट न्हाई, पाणी सपाट. शिकायला त्या समुद्रापरीस बरं. तलावाची परवानगी भेटली तर हितंच शाळा काढतो. मग न्हाई जात परत."

मी आत जाऊन पदरानं डोळे पुसले. पाच वर्षांनी पोरगं घरी ऱ्हातो म्हणत व्हतं.

आता परवानगी म्हणजे अमरसिंहभाऊ. आमच्या भागाचे पुढारी. त्यांच्या हातून नारळ फुटल्याबिगर आमच्याकडं हातपंपबी पाणी देत न्हाई. भाऊ म्हणले, "उडून दाखव बे प्रविण. मुंबईचे मोठे साहेब आणतो. त्यांनी बघितलं की तिथंच सही, परवानगीचं पत्र हातात." प्रविणनं फळ्यावर लिहून दिलं: वारं अकरा ते चार, काठावर पन्नास पावलं मोकळी जागा. भाऊंनी फळा वाचला, मान डोलावली, आन् त्याच पन्नास पावलांवर मांडव घातला.

कार्यक्रमाच्या दिवशी अकराला वारं आलं. काय वारं म्हणता! कनाती फडाफडा वाजायल्या, भाऊंच्या फोटोचा बॅनर पोट फुगवून उभा. प्रविण मांडवाच्या कडंला पतंग फुगवून तयार. साहेब न्हाईत. बाराला कळलं, बीडात पोचले. एकला कळलं, बीडातच जेवायला बसले. दोनला कळलं, नारायणगडाला दर्शनाला वळले. जेवून देवाला जाणारा माणूस म्या पहिल्यांदाच ऐकला.

तवा प्रविण माझ्याकडं आला. "आई, आत्ता वारं झ्याक हाय. सगळं गाव बसलंय. मी उडतो, साहेबांना व्हिडिओ दाखवू. तू नुस्ता पतंग धर."

म्या त्याचा हात धरला. "थांब की रं बाबा. पाव्हणे आल्याबिगर कसं? भाऊ नाराज व्हतेल."

त्यानं पतंगावर वाळूची पोती ठेवली आन् खाली बसला.

साहेब पावणेपाचला आले. मग सत्कार. साहेबांचा, त्यांच्या पीएचा, ड्रायव्हरचा, मांडववाल्याचा. शाली संपल्या तवा कार्यक्रम चालवणाऱ्या परमेश्वर गुरुजींनी माईकवर सांगितलं, दिलेल्या शाली जरा परत पाठवा. नारळ फुटला सहाला. प्रविण कंबरभर पाण्यात गेला. पतंग उचलला, त्यो पडला. परत उचलला, परत ओल्या धुण्यावाणी पडला. लिंबाचं पानबी हलत नव्हतं.

"वारं कावून न्हाई बे?" भाऊंनी माईकवरून इचारलं. फळा त्यांच्याच खुर्चीमागं टेकवलेला. मग हुकूम सुटला, मांडवातले चारी कूलर तलावाकडं फिरवा. फिरवले. म्होरच्या रांगेतल्या बायांचे पदर उडाले, पतंग जागचा हलला न्हाई. साहेबांनी घड्याळ बघितलं. "मुलाला अजून सरावाची गरज आहे," म्हणले आन् गाडीत बसले. पत्र सहीबिगर भाऊंच्या खिशातच ऱ्हायलं.

दुसऱ्या दिवशी अकराला वारं आलं. भाऊंचा बॅनर दोऱ्या तोडून सुटला आन् पाण्यावरून घसरत थेट पल्याडच्या काठाला लागला. एवढ्या सोहळ्यात तलाव पार केला त्यो भाऊंच्या फोटोनं. गाव पोट धरून हसलं. प्रविणबी हसला. मग घरी येऊन त्यानं बॅग भरली.

आता रोज पोर्तुगालहून फोन येतो, "आई, आज उत्तरेचं हाय." मी "बरं" म्हणते, ज्वारीचं काढत न्हाई. फोन ठेवला की भाऊला शिव्या घालते, साहेबाला घालते. बाया म्हणतेत, लई वंगाळ केलं बघा भाऊंनी. केलंच की, मुडदा बशिवला त्याचा!

पर दोन पोती ज्वारीसाठी मी सासऱ्याचे पाव्हणे सोडून पळाले व्हते. आन् त्या दिवशी दोनला पोरगं उठलं व्हतं. त्याचा हात भाऊनं न्हाई धरला, म्या धरला.