समोरच्या बाकांचं उत्तर

म्यूझ नदीकाठच्या आमच्या मठात स्तोत्र कुणी एकटीनं गात नाही. समोरासमोर दोन बाजूंना बाकं. एक ओळ उत्तरेच्या बाकांनी म्हणायची, पुढली दक्षिणेच्या. व्रत घेतलं त्या दिवशी जी बाजू मिळाली, ती मरेपर्यंत.

मी कोठारवाली, उत्तरेची. मला माणसं पावांवरून कळतात. साथीच्या आधी रोज चोवीस पाव लागत, माणशी एक. नाताळपर्यंत पाच पुरू लागले, त्यातले चार आमच्या बाजूचे. मठमाता साथीच्या पहिल्याच आठवड्यात गेल्या, तेव्हा बाजू बदला असा हुकूम द्यायलाही कुणी नव्हतं. दक्षिणेला उरली एकटी रिखिल्दिस.

नेमकी तीच! तिचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. इतकी वर्षं अकराजणींच्या गाण्यात तो झाकला जायचा. गायन सांभाळणारी होदिएर्ना तिला म्हणायची, "बाई गं, तू नुसते ओठ हलव. देव घेईल समजून."

आता ती एकटी आम्हा चौघींना उत्तर देई. सूर घसरे, धाप लागे, पण ओळ पुरी करी.

"इकडे येऊन बस की," होदिएर्ना म्हणाली.

"आणि इकडून उत्तर कोण देईल? तुझा बाप?" रिखिल्दिस माझ्याकडे वळली. "कोठारवाले, तूच ये. गाता येत नाही तुला, पण दम आहे."

"गुडघे धरलेत गं, ताई."

"दहा पावलं आहेत."

"रविवारनंतर बघते."

"बरं. तापाला तेवढं सांगून ठेव, म्हणावं रविवारपर्यंत थांब."

गुडघ्यांना काही झालं नव्हतं. त्या बाकांवर बसलं की ताप धरतो, असं आम्ही चौघीही मनात धरून होतो. तिला ते कळलं होतं. पुन्हा तिनं विचारलं नाही.

दोन रविवार गेले. बुधवारी ती बाकाला धरून उभी राहिली, डोळे लाल. प्रत्येक ओळीआधी श्वास गोळा करी आणि आम्ही वाट पाहत राहू. शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी सकाळी पुरली.

त्या संध्याकाळी आम्ही पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. दुसरी ओळ आम्हाला येत नव्हती असं नाही. तीस वर्षं समोरून ऐकत आले आहे मी. पण ती आमची नव्हती, आणि पलीकडे जायला कुणी उठेना. होदिएर्नानं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. एका ओळीएवढा वेळ गेला, आणि तिनं तिसरी उचलली.

हल्ली आमची प्रार्थना लवकर आटपते. एवढ्या थंडीत बरंच आहे, असं होदिएर्ना म्हणते. मी हो म्हणते. सुरुवातीला आम्ही समोरच्या ओळीपुरतं मधे थांबत तरी होतो. आता तेही सोडलंय.