टपालखर्च वेगळा

भामाच्या गोधडीला नावं ठेवणारं माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात सापडलं नसतं. जे काही बोल लागले ते टपालखर्चाला लागले, आणि तेसुद्धा थेट कोल्हापुरातून.

झालं होतं असं, की भामाच्या सुनेने, दिपिकाने, सासूच्या गोधड्या इंटरनेटवर विकायला काढल्या होत्या. ओवे गावची शेती नव्या शहराच्या आखणीत गेली, बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड बिल्डरकडे गेला, आणि भगवान-भामाचं बिऱ्हाड नवीन पनवेलच्या चौथ्या मजल्यावर येऊन बसलं. तेव्हापासून भामाच्या हातांना काम उरलं नव्हतं. लावणी नाही, झोडणी नाही, आणि चौथ्या मजल्यावर कोंबड्या पाळायला सोसायटी परवानगी देत नाही. मग ती जुनी, धुवून धुवून मऊ झालेली लुगडी गोळा करी आणि तान्ह्या बाळांच्या गोधड्या शिवत बसे. टाका असा की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते शिवणारीलाच विचारावं. दिपिकाने मोबाइलवर फोटो काढले, एका वेबसाइटवर चढवले, खाली किंमत लिहिली आणि किमतीच्या खाली लिहिलं, 'टपालखर्च वेगळा'. गोधड्या जाऊ लागल्या.

आणि मग कोल्हापूरच्या कुणा अरुंधतीबाईंनी वेबसाइटवर चार ओळी लिहिल्या. 'गोधडी झकास. पण टपालखर्च म्हणून जे घेतलंत, त्यात गोधडी तिकीट काढून, एसटीत खिडकीशी बसून आली असती. पार्सलवर तिकिटं त्याच्या निम्म्याचीही नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!'

दिपिकाला वाचून हसू आलं. भामाला नाही आलं.

"निम्मे पैसे कुठं गेले मंग?" तिने विचारलं.

"आई, खोका, टेप, पोस्टापर्यंतची रिक्षा, माझा टाइम. सगळेच असं लावतात. गोधडीची प्राइस कमी दाखवायची आणि शिपिंगमध्ये काढून घ्यायची. लोकांना स्वस्त वाटतं."

"मंग किमतीत लाव की उघड्यानं! टपालखर्च बोलून घेतलेला पैसा टपालाचा. पोस्टाचं नाव सांगून आपण खायचं? वीस वर्सं पनवेलच्या बाजारात भाजी विकली मी. एकदा काटा मारलेला दाखव."

दिपिका कॉमर्स शिकलेली होती, पण सासूपुढे कॉमर्सचं काही चालेना. पोस्टात नेमके किती लागतील ते आधी कळत नाही, म्हणून पैसे अंदाजाने आगाऊ घ्यावेच लागतात, हे तिने तीनतीनदा समजावलं. भामाने त्यावर तोड काढली ती तिच्यासारखीच. दिपिकाने पोस्टात आधी वजन करून यायचं. जे उरेल ते गोधडीच्या कोपऱ्याला, पदराला बांधतात तसं, गाठ मारून बांधायचं. गिऱ्हाइकाची गोधडी आणि गिऱ्हाइकाचे पैसे, दोन्ही एकदम घरपोच. असे पैसे पाठवणं नियमात बसतं की नाही हे भामाने कुणाला विचारलं नाही. विचारलं की लोक नाही म्हणतात, हे तिला बाजाराने शिकवलं होतं.

भगवान सोफ्यावर पेपर तोंडापुढे धरून हे सारं ऐकत असे. टपालखर्च कुणी द्यायचा, किती द्यायचा, कुणाचा न्याय आणि कुणाचा अन्याय, यावर सासू-सुनेचा इतका खल चाले की त्याच्या चहाला उशीर होई. त्याने कधी तोंड घातलं नाही. पण कान उघडेच होते.

एका दुपारी दिपिका मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, बघा, ही एक नवीनच. रोडपालीची आहे आणि टपालखर्चावरून घासाघीस करतेय." आणि तिने वाचून दाखवलं, "'बाळासाठी गोधडी हवी आहे. मला आठवा संपत आला आहे. हिरव्या लुगड्याची असली तर फार बरं. एक विचारू का? पत्ता इतका जवळचा आहे, तरी टपालखर्च लांबच्यांइतकाच का?' नाव नीता."

भामाच्या हातातला कांदा तसाच राहिला. "पत्ता वाच," ती म्हणाली.

दिपिकाने पत्ता वाचला. दिपिका या घरात येऊन दोनच वर्षं झालेली, तिला त्या पत्त्यात काही दिसलं नाही. पण तो पत्ता होता शोभाचा. शोभा म्हणजे भगवानची सख्खी धाकटी बहीण, आणि नीता तिची एकुलती एक लेक. चार वर्षं या घराचा आणि त्या घराचा शब्द नव्हता.

लोकांना वाटे, जमिनीवरून फाटलं असणार. आगरी घरात भावाबहिणीचं फाटलं की लोक आधी भूखंडाचा नंबर विचारतात. पण शोभाने हक्कसोडपत्रावर एका शब्दाने तक्रार न करता सही केली होती. "माझं माहेर शाबूत राहू दे, मला गुंठे नकोत," एवढंच ती बोलली. बहिणीने अशी सही दिली की भावाने तिला घरी बोलवावं, भावजयीने तिची ओटी भरावी, साडीचोळी हातात द्यावी, जेवू घालावं. तेवढंच तर मागायचं असतं. पण तेव्हा घर हलवायचं चाललं होतं, बिल्डरच्या खेपा चालल्या होत्या. भगवान म्हणाला, "कोण जाईल रोडपालीला? नाक्यावर कुरिअरवाला हाय, साडी त्याच्याकडं दे." आणि भामा गप्प बसली. साडी चांगली भारी होती. ती प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिकटपट्टी लावून, बहिणीच्या दारात जाऊन पडली.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. पिशवी न फोडता, कुरिअरनेच. शोभाने परतीचा खर्चही स्वतः भरला होता.

भगवानला तो खर्च फार लागला. साडी परत आल्यापेक्षा जास्त लागला. तेव्हापासून बहिणीचं नाव निघालं की तो पेपर उघडत असे, मग तो कालचा का असेना.

आता भामा कांदा खाली ठेवून बसून राहिली. त्यांच्या घराण्यात पहिल्या बाळाची गोधडी मामाच्या घरून जायची. मामाने सांगायचं, मामीने शिवायची. इथे पोरीला ती विकत मागावी लागत होती, परक्या गिऱ्हाइकासारखी, पैसे आगाऊ भरून. आणि हिरवं लुगडं! ते होतं गुणाबाईचं, भामाच्या सासूचं, शोभाच्या आईचं. नीता लहानपणी त्याच लुगड्यात तोंड खुपसून झोपायची. म्हातारी गेली तरी ते लुगडं भामाने पेटीतून काढलं नव्हतं, विकायच्या गोधडीत घालायचं तर नावच नको. भामाला रडू आलं आणि ते तिने कांद्यावर घातलं.

"घासाघीस नाय करत ती," ती सुनेला म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं लपवते हाय पोरगी. टपालखर्च नाय विचारत, मामी इतकी जवळ असून लांब कशी, ते विचारते."

संध्याकाळी तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. भगवानने पेपर उघडला. पेपरच्या आडून आवाज आला, "पैसे भरलेत ना? मंग गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. जाऊ दे पोस्टानं."

भामाने उठून पेटी उघडली आणि हिरवं लुगडं बाहेर काढलं. चार वर्षांपूर्वी नवऱ्याने असंच म्हटलं तेव्हा ती नुसती ऐकून राहिली होती.

गोधडी तिने जीव ओतून शिवली. आत-बाहेर गुणाबाईचं हिरवं लुगडं, त्याचे लाल काठ चारी बाजूंनी. शिवता शिवता मनात दुसराच टाका अडकत होता. सगळे पैसे परत करावेत तर शोभा म्हणणार, आम्ही फुकटचं मागायला आलो नव्हतो. सगळे ठेवून घ्यावेत तर मामी कसली आणि दुकानदार कसली, फरक तो काय राहिला? पोस्टाने पाठवावी तर चार वर्षांपूर्वीच्याच साडीची ती धाकटी बहीण होणार. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटचा टाका घालताना तिला वाट सापडली, आणि ती तिच्या रोजच्याच न्यायात होती. तिला स्वतःचंच हसू आलं.

"ही गोधडी मी घेऊन जाते," तिने सुनेला सांगितलं. "तिचा टपालखर्च दे माझ्याकडं. सगळा."

"अहो, पण साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकावा लागतो! काय टाकू?"

"माझा फोन नंबर टाक."

रोडपालीला दार नीताने उघडलं. पोट सांभाळत, एक हात कमरेवर. "मामी!" ती म्हणाली आणि मामीच्या हातातली गोधडी तिने घाईने आपल्याकडे घेतली.

"कोण हाय गं?" आतून शोभाचा आवाज.

"पार्सल आलंय, आई."

शोभा हात पुसत बाहेर आली आणि जागीच उभी राहिली. केस पांढरे झाले होते तिचे, भामाला ते माहीतच नव्हतं. मग शोभाच्या तोंडावर ते जुनं कुलूप बसलं.

"आमी काय मागितलं नव्हतं," ती म्हणाली.

"मी मागितलं," नीता म्हणाली. "पैसे भरून."

"पैसे भरलेत ना? मंग ठेव तिथं."

नीताने गोधडी आईच्या हातात दिली. ठेवायला म्हणून शोभाने ती घेतली, आणि बोटांना लुगडं कळलं. बोटं आधी ओळखतात, डोळे मागून. तिने गोधडी उलगडली, लाल काठावरून हात फिरवला. "आयेचं हाय हे," ती हळूच म्हणाली. मग हात फिरत फिरत कोपऱ्याशी आला. "ही गाठ कसली?"

"टपालखर्च," भामा म्हणाली. "गोधडीची किंमत मी ठेवली. तू फुकटचं घेणारी नाय, ते मला ठावं हाय. पण ती काय पोस्टानं आली नाय. मामी घेऊन आली. मंग टपालाचे पैसे मी कोणत्या तोंडानं ठेवू?"

शोभाने गाठ बोटांनी चाचपली.

"साडी पण मीच घेऊन यायला पाहिजे होती," भामा म्हणाली. "त्याचा खर्च मातर कुठं बांधू, ते कळत नाय मला."

मग मात्र शोभाला आवरेना. ती दारातच खाली बसली आणि गोधडी तोंडाशी धरून रडली. चार वर्षांचं होतं, वेळ लागला. भामा तिच्या शेजारी बसली आणि तीही रडली. दोघींना पाणी आणून द्यायचं काम त्या अवघडलेल्या पोरीवर पडलं.

चहा झाला. भाकरी आणि सुकटही झाली, कारण वहिनी उपाशी कशी जाईल. ऊन उतरलं तेव्हा भामा निघायला उठली. शोभाने गोधडीची गाठ सोडली, पैसे काढले आणि भामाला वाटलं, आता ही ते परत देते आणि पुन्हा नव्याने वाद. पण शोभाने ते स्वतःच्या पदराला बांधले.

"वहिनी, एवढ्यात रिक्षा होईल?"

"कुठं जायला?"

"दादाकडं," शोभा म्हणाली.

रिक्षात बसेपर्यंत तिचा धीर होता, कळंबोली मागे पडली तसा तो सुटायला लागला. "दादा काय बोलेल गं?"

"काय बोलणार? सांगते त्याला, कुरिअर आलंय, सही करून घे. एकदा तू केलीस, आता त्याची पाळी," भामा म्हणाली. शोभा हसली, पण पदराची गाठ तिने मुठीत घट्ट धरली होती.

भगवान इमारतीच्या गेटपाशीच उभा होता. बायको कुठे गेली ते दिपिकाने त्याला दुपारीच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो दूध आणायच्या निमित्ताने तीनदा खाली उतरला होता. दूध एकदाही आणलं नव्हतं. रिक्षा थांबली. भामा उतरली, आणि तिच्या मागून हातात पिशवी घेऊन शोभा उतरली. सुनावायचं म्हणून चार वर्षं त्याने जे जे ठरवून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द त्याला आठवेना.

रिक्षावाल्याने मीटरकडे बोट केलं. शोभा मान खाली घालून पदराची गाठ सोडू लागली. गाठ तिनेच आवळलेली, ती काही सुटेना.

"थांब," भगवान म्हणाला. तो पुढे आला, बहिणीचा हात त्याने गाठीवरून बाजूला केला. "माल कुणाच्या घरी आलाय? माझ्या ना? मंग टपालखर्च माझा."

त्याने खिशातली नोट रिक्षावाल्याच्या हातात कोंबली आणि सुट्ट्यांसाठी थांबला नाही. बहिणीच्या हातातली पिशवी त्याने आपल्याकडे घेतली. "चल वर," तो म्हणाला, "लिफ्ट बंद हाय, सावकाश चढ." आणि तिच्या पुढे न जाता, तिच्या मागून एक एक पायरी चढू लागला.